वसंत ऋतूचा लेखन-संच : पाच महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत हा संच घेतला, आता जून संपत आलाय. घरात गिऱ्हाइकं दोन. थोरला नुकताच तिसरीत गेलाय, धाकटी पहिलीत. शाळा सेमी इंग्रजी. खोक्यात चाळीस पुसता येणारी कार्डं (त्यातली काही कोरी), दोन पेनं, लाकडी सुटी अक्षरं आणि बत्तीस पानी पुस्तिका. अर्धा माल इंग्रजी, अर्धा मराठी, विषय सगळीकडे एकच: वसंत ऋतू. किंमत साडेसातशे. एवढ्यात अप्पा बळवंत चौकातून दोघांच्या वर्षभराच्या दुरेघी आणि चाररेघी वह्या आल्या असत्या, हे माझ्या आईनं खोकं उघडायच्या आतच ऐकवलं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. कार्डांवर डॅफोडिल, ट्यूलिप, गमबूट, छत्री, डबकं आणि वितळणारा बर्फ. खिडकीबाहेर कोथरूडचं ऊन. मराठी बाजू म्हणजे इंग्रजीचं सरळ भाषांतर: 'वसंत आला, बर्फ वितळला, चला डबक्यात उड्या मारू!' थोरला म्हणाला, "आत्ता उन्हाळा लागतोय ना? मग डबकं कुठनं आलं?" चूक त्याची नाही, त्याच्या हिशेबात ऋतू तीनच. 'स्प्रिंग' शब्द वापरून वाक्य लिही म्हटल्यावर त्यानं इंग्रजीत लिहिलं, 'द स्प्रिंग इज इन द पेन.' व्याकरण, स्पेलिंग सगळं बरोबर. काय बोलणार?

तरी संच परत केला नाही, कारण कार्डाची रचना मला आवडली. प्रत्येक कार्डाला उजवीकडे एक झडप आहे. शब्द पाहायचा, मोठ्यानं म्हणायचा, झडप लावून झाकायचा, आठवून लिहायचा आणि मग झडप उघडून स्वतःच तपासायचा. वहीत एकच शब्द दहादा काढायला सांगितला की मूल तो चित्रासारखा उतरवतं, एकेक अक्षर वर बघून. इथे अख्खा शब्द डोक्यात धरावा लागतो. आणि चूक दाखवणारी मी नसते, झडप असते. धाकटीचा निम्मा रुसवा तिथेच संपला.

लाकडी अक्षरांनी मात्र मला नवीन काही शिकवलं. धाकटी 'चिमणी' लावत होती. तोंडानं 'च्... इ' म्हणत तिनं आधी च ठेवला आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे. झालं 'चमिणी'. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते नंतर पण बसते आधी, हे मी चाळीस वर्षं लिहिते आहे आणि कधी लक्षातच आलं नव्हतं. ती कानाशी प्रामाणिक होती. मग आम्ही ठरवलं की ऱ्हस्व वेलांटी ही घाईची, तिला रांगेत पुढे उभं राहायचं असतं. तेव्हापासून ती चूक जवळपास थांबली. तक्रार एवढीच की पेटीत प्रत्येक वेलांटी एकेकच आहे, त्यामुळे 'चिमणीची पिल्लं' जन्माला येऊच शकत नाहीत. अनुस्वाराचा ठिपका दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली गेला. सध्या 'वसंत'च्या डोक्यावर साबुदाण्याचा दाणा आहे.

आता खरी चीड. शुद्धलेखनाच्या संचात शुद्धलेखन चुकलेलं! 'फुल', 'कोकिळ'. आई पुस्तिका चाळत होती, तिनं लाल पेनच काढलं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की त्याआधीचा इकार-उकार दीर्घ: फूल, मूल, कोकीळ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फुलाला, मुलाला. हे नियम १९६२ पासूनचे आहेत, आज सकाळी निघालेले नाहीत, असं ती म्हणाली, आणि ते खरंच आहे. शिवाय अक्षरांचा छाप हिंदी वळणाचा. आपल्या राज्य शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा ल आणि देठाचा श घेतला. बाई वर्गात तेच शिकवतात. कार्डावर दांडीवाला ल बघून धाकटी म्हणाली, "हे कुठलं अक्षर?" पोरीला लिहायला येत होतं, कार्डाला येत नव्हतं. बाणांचाही गोंधळ: १ नंबरचा बाण शिरोरेघेवर, शाळेत मात्र अक्षर आधी आणि रेघ शेवटी.

मार्चच्या एका रविवारी कंटाळून दोघांना वेताळ टेकडीवर नेलं आणि कोरी कार्डं बरोबर घेतली. टेकडीवर गिरिपुष्पाचा गुलाबी फुलोरा होता. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, वन खात्यानं पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावलेलं. त्याला उंदीरमारीही म्हणतात असं सांगितलं मात्र, थोरल्यानं तिथेच बसून तो शब्द लिहिला. मग विचारलं, उंदीर लिहितो तर 'उंदीराला' का नाही? 'उंदराला' कसं होतं? त्यातून बेडूक-बेडकाला, कापूस-कापसाला अशी माळच लागली. कार्डांवरच्या एकाही ट्यूलिपनं असा प्रश्न काढला नव्हता.

त्यानंतर झडपेखाली आमचे शब्द गेले. काटेसावर, पळस, पांगारा, कैरी, मोहर, गुढी, पन्हं, तांबट. एप्रिलमध्ये खालच्या झाडावर तांबट दिवसभर टुकटुक करायचा, आणि धाकटी त्याच तालावर 'तां-ब-ट' म्हणत रव्याच्या ताटात बोटानं लिहायची. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आईनं तिच्याकडून 'आंब्याची डाळ' अशी चिठ्ठी लिहवून वाटीपुढे ठेवली. 'ब्या' दोनदा चुकलं. बायकांनी वाचलं, तेवढ्यावर पोरगी आठवडाभर मिरवली.

टिकाऊपणाचं थोडक्यात. कार्डं मजबूत. पेनं भिकार, टोपण जरा सैल राहिलं की वाळतात. दोन्ही एप्रिलमध्ये संपली, आता साधं व्हाइटबोर्डचं पेन वापरतो. लिहिलेलं दोन दिवस तसंच राहिलं तर पुसत नाही, पण कापसावर थेंबभर सॅनिटायझर घेतला की निघतं. इंग्रजी भाग ठीक. 'बड', 'सन' असे छोटे शब्द आधी आणि 'नेस्ट'सारखे जोडव्यंजनांचे नंतर, हा क्रम नीट लावलाय.

घ्यावा का? कोरी कार्डं आणि झडप यांच्यासाठी मी पुन्हा घेईन, मराठी पुस्तिकेसाठी नाही. आणि मराठी कार्डं मुलांच्या हातात द्यायच्या आधी घरातल्या कुणीतरी लाल पेन घेऊन बसावं.

गेल्या आठवड्यात चांगला पाऊस झाला. सोसायटीच्या फाटकापाशी तळं साचलं. धाकटी धावत वर आली, कपाटातून खोकं ओढलं आणि चार महिने तळाशी पडलेली कार्डं बाहेर काढली: छत्री, गमबूट, डबकं. 'डबकं' तिनं झडप लावून एका दमात लिहिलं, अनुस्वारासकट, आणि खाली पळाली. कार्ड हातातच होतं, ओलं होऊन आलं. शाई मात्र तेवढ्यानं पुसली गेली.