सुपरचार्जरच्या गाडीला घरी इंटरकूलर: हवेचा की पाण्याचा?

कोल्हापुरात सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरून हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंपाची, गाडी बाळगणारे थोडेच, पण जे आहेत ते पक्के नादिष्ट. कुणाकडे जुनी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर, कुणाकडे ऑडी ए६ ३.० टीएफएसआय. (त्या नावातल्या ‘टी’वर जाऊ नका. तिथं एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो नाही, सुपरचार्जरच आहे.) एप्रिलच्या दुपारी आंबा घाट चढताना गाडी दमली की मोठ्या इंटरकूलरचा, म्हणजे ती दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या कूलरचा, किडा डोक्यात शिरतो.

गाडी दमते कशानं? बाहेर ३८ अंश आहे आणि सुपरचार्जर ०.५ बार दाब देतोय असं धरा. नुसत्या दाबण्यानंच हवा ७५ अंशांच्या आसपास जाते. रूट्स पद्धतीचा (जोडीनं फिरणाऱ्या रोटरचा) सुपरचार्जर त्यात आपल्या घुसळणीची भर घालतो आणि हवा शंभरीला टेकते. तीच ५० अंशांवर आणली तर तेवढ्याच दाबात सुमारे १५ टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. हवा तापलेलीच राहिली तर नॉकिंग (पेट्रोलचं अवेळी भडकणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्कचं टायमिंग मागं घेतो, आणि पायाखालचा जोर गेल्यासारखा वाटतो.

म्हणून पैसे मोजण्याआधी तापमान मोजा. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या, सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावून घाट चढा आणि इनटेकच्या हवेचं तापमान बघा. हवेच्या वाटेत सेन्सर कूलरच्या आधी आहे की नंतर, हे पहिल्यांदा तपासायचं, नाहीतर आकडा फसवतो. कूलरनंतरची हवा बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशच जास्त असेल तर मोठा कूलर तुम्हाला फार काही देणार नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागं फिरून जाळीत पाचट आणि धूळ बसलेली असते. ती हलक्या पाण्यानं धुवा आणि पुन्हा मोजा. पाण्याचा जोराचा फवारा नको, पाती आडवी होतात.

आता हवेचा, म्हणजे समोरच्या वाऱ्यावरच थंड होणारा. सी २०० कॉम्प्रेसरमध्ये कंपनीनं हाच दिलाय, त्यामुळं त्या जागी जाड कोअर (कूलरची पात्यांची जाळी) बसवणं हे खरं तर अदलाबदलीचं काम आहे. पंप नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं फारसं काहीच नाही. तोटे दोन. कोअर आणि पाइप मोठे झाले की हवेचा प्रवास वाढतो, दाब थोडा पडतो आणि ॲक्सिलरेटरला मिळणारा प्रतिसाद किंचित सुस्तावतो. दुसरं म्हणजे तो एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या तोंडावर उभा राहतो. मापापेक्षा मोठा घेतलात तर इनटेक थंड आणि इंजिन गरम, अशी गंमत होते. बंपरच्या तोंडापासून कोअरपर्यंतच्या फटी फोमनं बंद करा. वारा नेहमी सोपी वाट धरतो. फट राहिली तर कोअरमधून जाण्याऐवजी बाजूनं निसटतो.

पाण्याच्या कूलरमध्ये हवेची उष्णता पाणी घेतं आणि पंप ते पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरवून निववतो. हा कूलर सुपरचार्जरला अगदी चिकटून बसतो. हवेचा रस्ता आखूड, प्रतिसाद खणखणीत. ऑडीच्या त्या इंजिनात तो सुपरचार्जरच्या डब्यातच आहे. ती गाडी असेल तर हवेचा विचार सोडा. पंप आणि पुढचा छोटा रेडिएटर, एवढ्यातच सुधारणा शोधा.

पण घाटात पाण्याचं गणित वेगळं पडतं. गाडी जोरात चढत असताना कूलरनं ५ किलोवॉट उष्णता काढायची आहे आणि पुढचा रेडिएटर काहीच बाहेर टाकत नाही असं समजा. ५ लिटर पाणी ३० अंशांनी तापायला दोन मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात रेडिएटर थोडीफार उष्णता फेकतोच, पण वळणावळणावर वेग २५-३० वर आला की त्यालाही वारा मिळत नाही. हवेचा कूलरही तिथं घुसमटतो, मात्र सरळ रस्ता लागला की लगेच सावरतो. पाणी एकदा तापलं की निवायला वेळ घेतं. दोन सिग्नलमधल्या शर्यतीला पाणी भारी, अर्ध्या तासाच्या चढणीला हवा. शिवाय पंप बंद पडला तर आवाज नाही, धूर नाही. नुसतं तापमान वाढत जातं. पाण्याचाच घेणार असाल तर पंपाला रिले, फ्यूज आणि डॅशबोर्डवर तापमानाचा काटा हवाच.

घरी करायचं की गॅरेजला? बंपर उतरवणं, कोअर टांगणं, पाइप जोडणं हे हवेच्या कूलरचं काम जॅक-स्टँड आणि एका मदतनिसावर शनिवार-रविवारी होतं. पाण्याच्या कामात वायरिंग आणि अडकलेली हवा काढणं वाढतं, म्हणून दुप्पट वेळ धरा. एसीचा पाइप मात्र सोडू नका, गॅस जाईल. आर्गॉन वेल्डिंगही घरचं काम नाही. कोल्हापूरकर असून त्यासाठी पुण्याला जाल तर आपलं कारखान्यांचं उद्यमनगर हसेल.

वेल्डरकडून पाइपच्या टोकाला कडा उठवून घ्या. माझ्या मेहुण्याच्या गाडीला एका गॅरेजनं गुळगुळीत टोकांवरच होस चढवून दिले होते. फोंडा घाटात फट्‌कन आवाज झाला आणि होस निसटला. मोजलेली हवा बाहेर, पेट्रोल तेवढंच आत; काळा धूर सोडत गाडी कशीबशी वर आली. नंतर आम्ही घरीच सगळं उकललं तर पाइपच्या आत ॲल्युमिनियमचा कीस! सुपरचार्जरनंतर फिल्टर नसतो, तो कीस थेट इंजिनात जातो. पाइप धुऊन, पुसून, मगच बसवा. शेवटी हलका दाब भरून जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला की गळती तिथंच. गरज नसताना दाबलेली हवा परत वळवणाऱ्या बायपासची नळी पूर्वीसारखीच जोडली गेलीय ना, तेही बघून घ्या.

कायद्याचंही बघा. परवानगी नसलेला बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

मेहुण्याच्या गाडीत शेवटी हवेचाच राहिला. जाड कोअरला जागा करायला बंपरमागचा लोखंडी बार कापू म्हणत होता, तेवढं मी हट्टानं थांबवलं. धडक बसली तर तोच बार मार खातो. त्याऐवजी हॉर्न फॉग लाइटच्या मागं सरकवला. पावसाळ्यात तो घसा बसल्यासारखा वाजतो, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.