अंगठ्याच्या मापाचा चेंडू : डेट्रॉइटजवळच्या एका प्रो शॉपचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक सोललेली जागा कायमची होऊन बसली होती. बुधवारच्या बोलिंग लीगमध्ये एका संध्याकाळी तीन गेम होतात आणि तिसऱ्या गेमच्या मध्यापर्यंत अंगठा सुजून चेंडूच्या भोकात असा रुतायचा की चेंडू सुटण्याऐवजी माझा हातच चेंडूबरोबर पुढे ओढला जायचा. चेंडू ज्या दुकानातून घेतला होता तेथे माप घेण्याचे काम दहा मिनिटांत उरकले होते. तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांनी भोक थोडे मोठे करून दिले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा आणखी मोठे करून दिले. त्यानंतर चेंडू मागच्या झोक्यातच हातातून निसटेल की काय अशी भीती वाटू लागली, त्या भीतीने मी तो अधिकच आवळू लागले आणि भोक सैल असूनही अंगठा पूर्वीसारखाच अडकत राहिला.

हा गुंता डेट्रॉइटच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, बोलिंग केंद्राच्या आतच असलेल्या एका छोट्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे चेंडूला हाताच्या मापाची भोके पाडून देणाऱ्या दुकानात, सुटला. तो कसा सुटला हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण लीग खेळणारे माझ्या ओळखीचे कितीतरी मराठी लोक अशाच त्रासाचा दोष ‘आपल्यालाच जमत नाही’ असे म्हणून स्वतःकडे घेतात. दुकान साठीच्या आसपासचे एक गृहस्थ एकटेच चालवतात आणि त्यांच्याकडे आधीच पंधरा दिवसांची रांग असते, म्हणून नाव देऊ नये असे त्यांनी सांगितले आणि मी ते पाळते आहे.

ज्यांनी फक्त मॉलमधल्या लेनवर रॅकवरचे चेंडू उचलून खेळले आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. केंद्रातले सार्वजनिक चेंडू कोणाच्याही हाताला चालावेत म्हणून त्यांची भोके ऐसपैस ठेवलेली असतात, आणि मध्यमा व अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. मीही मुंबईत अशाच चेंडूवर सुरुवात केली आणि आवळून धरण्याची सवय मला तेथेच लागली. स्वतःच्या हाताला पाडून घेतलेल्या चेंडूत बहुतेक खेळाडू ही दोन बोटे फक्त पहिल्या पेरापर्यंत घालतात. हात खाली येऊन घोट्याजवळून पुढे जाताना अंगठा आधी बाहेर पडतो, क्षणार्धासाठी चेंडूचे सारे वजन त्या दोन बोटांवर येते आणि त्या क्षणातच चेंडूला फिरकी मिळते. अंगठा उशिरा निघाला तर ही फिरकी उरतच नाही. चेंडू हवेत उचलला जाऊन लेनवर आदळतो, किंवा उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे ओढला जातो. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडूनच चेंडू सोडायचा त्या रेषेपासून, पहिली पिन ६० फुटांवर असते, त्यामुळे हाताशी झालेली किंचितशी चूक तेथे पोचेपर्यंत पुष्कळ मोठी झालेली असते.

या गृहस्थांनी पहिली पंधरा-वीस मिनिटे चेंडूला हातच लावला नाही. त्यांनी माझा अंगठा उजेडात धरून पाहिला आणि त्याच्यावरच्या खुणा एकेक करून मला समजावल्या. अंगठ्याच्या टोकाशी पुढच्या बाजूला आणि सांध्याच्या मागच्या बाजूला पडलेले घट्टे हे अंगठा भोकात वाकवून धरल्याचे चिन्ह होते, कारण वाकलेला अंगठा पुढे टोकाने आणि मागे सांध्याने भिंतीवर दाब देतो. मुळाशी तळहाताच्या बाजूला सोललेला पट्टा ही भोकाच्या कडेवर हात ताणला जात असल्याची खूण होती. मग त्यांनी अंगठा हलकेच मागे वाकवून तो किती मागे जातो आणि तळहाताखाली किती वळतो ते तपासले. मला त्या क्षणी नाशिकला सणावारी घरी येणारी कासारीण आठवली. तीही आधी हात हातात घेऊन दाबायची, अंगठ्याचा सांधा किती आत वळतो ते बोटांनी अजमावायची आणि मगच बांगड्यांच्या तोड्याला हात घालायची. मनगटाचे माप तिने कधीच विचारले नाही, कारण बांगडी अडते ती अंगठ्याच्या मुळाशी.

त्यांचे निदान मला अगदी अनपेक्षित होते. भोकाचा आकार हा दोष नव्हताच. दोष स्पॅनमध्ये आणि पिचमध्ये होता. स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटांच्या भोकांच्या कडेपर्यंतचे अंतर, आणि माझ्या चेंडूवर ते माझ्या हाताच्या मानाने ३/१६ इंच जास्त होते. अंतर जास्त असले की अंगठा पूर्ण आत जात नाही, गेला तरी ताणलेला राहतो, आणि ताणलेल्या अंगठ्याची मुळाशी असलेली त्वचा कडेवर घासत राहते. पिच म्हणजे भोक चेंडूच्या केंद्राच्या सापेक्ष कोणत्या दिशेला किती कलते आहे ते. भोक तळहाताखाली कललेले असेल तर चेंडू हातात अधिक वेळ राहतो. तळहातापासून दूर, म्हणजे उलटे कललेले असेल तर लवकर सुटतो. पहिल्या दुकानाने स्पॅन लांब ठेवला आणि त्याची भरपाई म्हणून उलटे पिच ३/८ इंच दिले होते. कागदावर पाहिले तर अंगठा चटकन निघावा यासाठीच ही योजना होती. प्रत्यक्षात मात्र चेंडू हातात टिकतच नव्हता, तो टिकवण्यासाठी मी अंगठा वाकवून आवळत होते, आणि वाकलेला अंगठा कितीही मोठ्या भोकातून सरळ बाहेर येत नाही.

म्हणून त्यांनी उपाय केला तो वरवर पाहता उलटाच. स्पॅन ३/१६ इंच कमी केला, उलटे पिच ३/८ वरून १/८ इंचावर आणले आणि भोक पूर्वीपेक्षा लहान केले. चेंडू स्वतःहून हातात राहू लागला तर हात आवळणे थांबेल आणि आवळणे थांबले तर अंगठा आपोआप निघेल, ही त्यांची एका वाक्यातली मांडणी मला इतकी पटली की घरी आल्यावर मी ती वहीत लिहून ठेवली. पिचचा विचार करताना ‘अडकतो, तर उलटे पिच वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते स्पॅन तपासल्याशिवाय तो सल्ला कोणी देऊ नये आणि कोणी घेऊही नये.

यासाठी जुने भोक राळेच्या मिश्रणाने बुजवून ते कडक होईपर्यंत चेंडू दुकानात ठेवावा लागला. जुने भोक तसेच ठेवून शेजारी नवे पाडणे नियमात बसत नाही, कारण अमेरिकेतील बोलिंगची नियामक संस्था असलेल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने १ ऑगस्ट २०२० पासून पकडीसाठी न वापरल्या जाणाऱ्या भोकांना मान्यता देणे बंद केले आहे. अंगठा न घालता दोन हातांनी खेळणारे जेसन बेलमॉन्टे यांच्यासारखे खेळाडू या साऱ्या प्रश्नातून मुक्त असतात, हे खरे. पण ती शैली माझ्या पाठीला झेपणारी नाही आणि मला अंगठ्याने खेळायला मनापासून आवडते.

नव्या भोकात त्यांनी थंब स्लग, म्हणजे मऊसर प्लास्टिकचा दांडा, बसवला आणि अंगठ्याचे भोक त्या दांड्यातच पाडले. अंगठा गोल नसतो, तो लांबट असतो, आणि गोल भोक सांध्याला पुरेल इतके मोठे केले तर बाजूंना पोकळी राहते. म्हणून त्यांनी भोक लंबगोल कापले. आकार ठरवताना १/६४ इंचाच्या फरकाने वाढत जाणाऱ्या भोकांचा मापाचा चेंडू त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि प्रत्येक भोकात अंगठा घालून, हात सैल सोडून, खाली लोंबकळत ठेवायला सांगितले. शेवटी भोकाची कड घासून गोलसर केली. कडेच्या या घासकामाला बेव्हल म्हणतात. मला ते सजावटीचे काम वाटत होते, पण बाहेर पडताना अंगठ्याचे मूळ त्याच कडेवरून सरकते आणि तेथे जरा धार राहिली तरी बाकीचे सर्व माप व्यर्थ जाते.

या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग त्यानंतरचा आहे. चेंडू हाती देऊन त्यांनी मला निरोप दिला नाही. ते माझ्याबरोबर लेनवर आले, फाउल लाइनच्या बाजूला उभे राहून माझे फेकणे पाहिले, आणि दर तीन-चार चेंडूंनंतर तो परत घेऊन कडेवर सॅंडपेपरचे चार-दोन हात मारून आणला. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेला अंगठा कधी निघाला ते मला कळलेच नाही. बोटांच्या टोकांवर वजन आल्याचे मात्र स्पष्ट जाणवले आणि चेंडू आवाज न करता लेनवर उतरला. इतकी वर्षे खेळून ही जाणीव मला प्रथमच झाली होती, आणि मी तेथेच उभी राहून त्यांचे दोनदा आभार मानले.

टेपविषयीही त्यांनी नीट शिकवले. मिशिगनच्या हिवाळ्यात गाडीतून उतरून केंद्रात शिरेपर्यंत बोटे गारठलेली असतात, त्यामुळे पहिल्या गेमला अंगठा बारीक असतो आणि तिसऱ्या गेमला तोच सुजलेला असतो. भोक सुजलेल्या अंगठ्याला बेताचे ठेवायचे आणि सुरुवातीची पोकळी टेपच्या पट्ट्यांनी भरायची, ही त्यांची पद्धत आहे. पट्टी कडेच्या किंचित खाली चिकटवायची, म्हणजे अंगठा निघताना ती उचकटत नाही. मी सध्या दोन पट्ट्यांनी सुरुवात करते, दुसऱ्या गेममध्ये एक काढते, तिसऱ्या गेमच्या आधी दुसरी. खरखरीत पट्टीने पकड वाढते आणि गुळगुळीत पट्टी नुसती जागा भरते, हा फरकही मला त्यांच्याकडूनच कळला. याखेरीज घट्टे दर आठवड्याला हलकेच घासून सपाट ठेवायला त्यांनी सांगितले आहे, कारण घट्टा वाढला की माप बदलते.

व्हाइस (Vise) सारख्या कंपन्यांची अदलाबदलीची अंगठा-नळी घ्यावी का, असे मी विचारले होते. ही नळी एका चेंडूतून काढून दुसऱ्या चेंडूत बसवता येते, त्यामुळे अनेक चेंडू बाळगणाऱ्याला प्रत्येक वेळी तेच माप मिळते. माझ्याकडे एकच चेंडू असताना त्याची गरज नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. विकण्याची संधी असतानाही त्यांनी ती घेतली नाही, याची नोंद मला येथे करावीशी वाटते.

उणिवा आहेत. वेळ ठरवून गेल्याखेरीज काम होत नाही, फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही आणि शनिवारी दुकान बंद असते, हे नोकरी करणाऱ्यांना अडचणीचे आहे. बुजवणे, स्लग, नवे भोक आणि लेनवरची तपासणी मिळून मी ८५ डॉलर दिले; पहिल्या दुकानात भोक मोठे करून देणे फुकट होते, म्हणून ही रक्कम प्रथम जड वाटली. पण निघताना त्यांनी स्पॅन, दोन्ही दिशांचे पिच, भोकाचे लांबी-रुंदीचे माप आणि कोन असे सगळे एका कार्डावर लिहून दिले, आणि ते कार्ड घेऊन मी कोठेही गेले तरी हाच चेंडू पुन्हा घडवता येईल. सहा आठवड्यांनी पुन्हा येऊन अंगठा दाखवण्याचे पैसे ते घेत नाहीत.

मी गेल्या आठवड्यात तसा दाखवून आले. मुळाशी सोललेली जागा भरून आली आहे आणि सांध्यामागचा घट्टा निम्म्यावर आला आहे. अंगठ्याच्या टोकाशी किंचित लाली अजून दिसते, म्हणजे दहाव्या फ्रेमला, गेमच्या शेवटच्या पाळीला, मी अजूनही थोडे आवळते. त्यावर त्यांनी चेंडूला काही केले नाही, फक्त पुढचे दोन आठवडे सरावाला पहिली पट्टी न लावता सुरुवात करून पाहायला सांगितले आहे.