हरतालिकेच्या जागरणाला 'निऑन गॉड्स'

आधीच कबूल करून टाकते, हे पुस्तक मी हरतालिकेच्या रात्री वाचलंय. आमच्याकडे कडक निर्जळा नाही, फळं आणि चहा चालतो, पण रात्री बारापर्यंत जागायचं आणि मग रुईच्या पानावर दही घेऊन चाटायचं हे सासूबाईंच्या माहेरापासून चालत आलंय आणि त्यात सूट नाही. जाऊबाई दहालाच भिंतीला टेकून घोरायला लागल्या, सासूबाई खुर्चीत जपमाळ घेऊन, समोर पाटावर वाळूची पिंड आणि पत्रीचा ढीग, आणि मी चटईवर किंडल घेऊन. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, काय गं वाचतेस एवढी डोळे फाडून? म्हटलं, ग्रीक लोकांचं पुराण आहे आई. म्हणजे तसं खोटं नाहीच ना ते. तर म्हणाल्या, मग मोठ्याने वाच की, मलाही ऐकू दे. आणि मी नेमकी त्या क्षणी ज्या पानावर होते ते पान मी एकटीने वाचतानासुद्धा दोनदा मान वर करून बघितलं होतं की कोणी मागे उभं नाही ना.

असो. पुस्तक आहे केटी रॉबर्टचं 'निऑन गॉड्स', 2021 साली आलं, 'डार्क ऑलिम्पस' नावाच्या मालिकेतलं पहिलं. बाहेरच्या देशांत टिकटॉकवरच्या वाचणाऱ्या पोरींनी ते डोक्यावर घेतलं, आपल्याकडे टिकटॉक 2020 मध्येच बंद झालेलं त्यामुळे आपल्यापर्यंत ते इन्स्टाच्या रील्समधून झिरपत झिरपत आलं. मला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने पाठवलं, सोबत फक्त पाच मिरच्यांचे इमोजी, म्हणजे पुस्तकातला शृंगार किती तिखट आहे त्याचं माप.

गोष्ट अशी की ऑलिम्पस, म्हणजे ग्रीक पुराणातलं देवांचं घर, हे इथे आजच्या काळातलं शहर आहे, उंच टॉवर, पार्ट्या, पेज थ्रीचे फोटोवाले, सगळं. झ्यूस, डिमीटर, हर्मीस, डायोनायसस ही इथे देवांची नावं नाहीत, पदं आहेत. तेरा पदं, त्यातली झ्यूस (पुराणात देवांचा राजा), पोसायडन (समुद्राचा देव) आणि हेडीस (पाताळाचा, मेलेल्यांचा राजा) ही तीन बापाकडून मुलाकडे जातात, बाकीची इतर मार्गांनी मिळवायची. (आपल्याकडच्या साखर कारखान्यांची आठवण आली तर दोष माझा नाही.) डिमीटर म्हणजे शहराचा अन्नपुरवठा जिच्या हातात आहे ती बाई, तिला चार मुली, त्यातली एक पर्सेफनी. या पर्सेफनीला एका पार्टीत, भर लोकांत, कळतं की आईने तिचं लग्न झ्यूसशी ठरवून टाकलंय. तिला न विचारता. झ्यूस वयाने मोठा, आधीच्या बायका मेलेल्या, त्या कशा मेल्या याबद्दल शहरभर कुजबुज. ती तिथून सटकते आणि पळत सुटते, मागे झ्यूसची माणसं, आणि पळता पळता स्टिक्स नदीवरच्या पुलापाशी येते. पलीकडे खालचं शहर, आणि तिथे हेडीस राहतो, जो वरच्या शहरातल्या लोकांच्या लेखी अस्तित्वातच नाही, नुसती दंतकथा.

हे वाचताना मी थांबलेच. समोर पाटावर वाळूची पिंड, त्याच संध्याकाळी सासूबाईंनी कहाणी वाचून झालेली. काय आहे हरतालिकेची कहाणी? नारद येऊन हिमालयाला सांगतो की मुलगी विष्णूला द्या, बाप खूश, लगेच हो म्हणतो, मुलीला कोण विचारतंय, आणि मुलीच्या मनात कोण, तर तो स्मशानात राहणारा, अंगाला राख फासणारा. मग तिची सखी तिला घेऊन रानात पळून जाते. हरित आणि आलिका, सखीने पळवून नेलेली, म्हणून हरितालिका. आता सांगा, वैकुंठाचं स्थळ सोडून स्मशानवाल्याकडे जाणारी मुलगी, आणि ऑलिम्पसच्या राजाचं स्थळ सोडून पाताळवाल्याकडे जाणारी मुलगी. मी तिथल्या तिथे मैत्रिणीला मेसेज टाकला, अगं ही तर आपलीच गोष्ट आहे. तिचा रिप्लाय, तू उपासाच्या दिवशी वाचतेयस??

आता मूळ ग्रीक गोष्ट माहीत असेल तर पुस्तकाची जास्त मजा येते, कारण मूळ गोष्ट अजिबात रोमँटिक नाहीये. डिमीटरचं जे जुनं होमरी स्तोत्र आहे त्यात पर्सेफनी कुरणात फुलं तोडत असते, नार्सिससचं फूल तोडायला हात घालते आणि जमीन फाटून हेडीस रथातून वर येतो आणि तिला ओढून नेतो. ती किंचाळते. आणि हे सगळं बापाच्या, म्हणजे झ्यूसच्या, संमतीने! आई नऊ दिवस मशाली घेऊन शोधत फिरते, पुढे पीकच उगवू देत नाही, माणसं उपाशी मरायला लागतात तेव्हा कुठे झ्यूसला जाग येते आणि मुलीला परत आणायला माणूस पाठवतात. पण तोवर तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खालीच राहावं लागतं. म्हणजे सरळ सरळ अपहरण आहे ते.

केटी रॉबर्टने काय केलंय, पळवून नेणं काढून टाकलंय आणि पळून जाणं ठेवलंय. मूळ गोष्टीत मुलीला देऊन टाकणारा बाप होता, इथे आई आहे, आणि पळवणारा जो होता तो इथे पुलाच्या पलीकडे उभा आहे आणि पूल तिचा तिने ओलांडायचाय. बाकी सगळं पुस्तक या एका बदलावर उभं आहे आणि माझ्या मते तो बदल भारी जमलाय.

पुलानंतरचा जो प्रसंग आहे तो मला सगळ्यात जास्त आवडला आणि त्यात मिरचीबिरची काही नाही. ती अनवाणी पळालेली असते, थंडीत, पार्टीच्या ड्रेसमध्ये, तळव्यांच्या चिंध्या झालेल्या, आणि तो तिला उचलून घरी नेतो आणि तिच्या पायांची मलमपट्टी करत बसतो, वैतागलेल्या चेहऱ्याने, जणू ही कटकट कुठून आली माझ्या दारात. आणि ती त्याला म्हणते मला चालता येतं, आणि तिला चालता येत नसतं. पुढे अनेक पानं तिला त्या पायांनी चालायला तो मनाई करतो आणि ती ऐकत नाही. प्रणयकथेत पायाला हात लावणारा नायक म्हटलं की मी गेलेच, आपल्याकडच्या नवऱ्यांना पाय दाबून दे म्हटलं तर आधी मोबाइल चार्जिंगला लावायचं आठवतं.

मग ठरतो सौदा. तिचा पंचविसावा वाढदिवस येईपर्यंत ती त्याच्याकडे राहणार, नंतर पैसे हातात आले की शहर सोडून जाणार, तोवर दोघांनी सगळ्यांसमोर असं वागायचं की झ्यूसला ती नकोशी व्हावी. तिला सुटका हवी, त्याला झ्यूसवर सूड, कारण त्याच्या लहानपणी आईबाप आगीत गेलेत आणि त्याच्या अंगावर त्याचे व्रण आहेत. आता 'सगळ्यांसमोर' म्हणजे किती सगळ्यांसमोर, हे मी इथे लिहिणार नाही, पण समजून घ्या की हेडीसच्या घरात एक खास जागा आहे, तिथे प्रेक्षक असतात, आणि वर्णनात हात आखडता घेतलेला नाही. बांधणं, हुकूम, लोकांनी बघणं, हे ज्यांना नको असेल त्यांनी पुस्तक उघडूच नये, आणि अठराच्या खालच्या कोणाच्या हातात देऊ नये, हे मी गंमतीत म्हणत नाहीये.

तिखटाचं म्हणाल तर मिरच्यांमध्ये ब्याडगी असते आणि लवंगी असते. ब्याडगीने रस्सा लाल होतो, जिभेला फारसं काही होत नाही, आणि हल्लीची निम्मी 'स्पायसी' पुस्तकं तशीच, लाल तवंग नुसता. ही लवंगी आहे. पण तिखटापेक्षा मला काय लक्षात राहिलं तर तो दर वेळी विचारतो. आधी बसून ठरवतात, काय चालेल काय नाही, थांब म्हणायचा शब्द कोणता, आणि ते ठरवणं कंटाळवाणं लिहिलेलं नाही, उलट तेच वाचताना कान गरम होतात. ज्या देवाची ख्यातीच न विचारता उचलून नेण्याची, त्याच्या तोंडी हे प्रश्न घातलेत.

मध्येच एक बाष्कळ विचार आला की हे मराठीत लिहायचं झालं तर कसं लिहिणार? मी मनात एक परिच्छेद करून बघितला. एक तर ते डॉक्टरच्या रिपोर्टसारखं व्हायला लागलं, नाहीतर संस्कृत महाकाव्यासारखं, आणि तिसरा पर्याय म्हणजे शिव्या. मधली भाषाच हाताला लागेना. लावणीत ती होती खरं तर, विड्याच्या पानात आणि चोळीच्या गाठीत सगळं सांगून व्हायचं. मग कुठे गेली कोण जाणे.

आता तक्रारी. अर्ध्यानंतर पुस्तक बसतं. सुरुवातीला शहराचं राजकारण एवढं छान मांडलंय, आणि मग बेडरूम, राजकारण, बेडरूम, बेडरूम. झ्यूस निव्वळ वाईट, त्याला एक बाजू तरी द्यायची, मिशी पिळायचीच बाकी ठेवलीये. शेवट घाईघाईत गुंडाळलाय. प्रकरणं आलटून पालटून ती आणि तो सांगतात, पण दोघांचा आवाज इतका सारखा की प्रकरणाच्या वरचं नाव बघावं लागतं. हर्मीस आणि डायोनायसस मात्र धमाल, इथे हर्मीस बाई आहे, दोघं न बोलावता हेडीसच्या घरात घुसून त्याची दारू पितात, ती आली की पानं भराभर उलटतात.

आणि मुख्य तक्रार, हा हेडीस देव नाहीये हो. खालच्या शहराचा दयाळू दादा आहे, लोकांची काळजी घेणारा, काळे कपडे घालणारा. मेलेल्यांचं राज्य, ते अंधारातलं थंडगार काहीतरी, ते नाहीच. मला पौराणिक नायक हवा होता म्हणजे थोडी भीती वाटायला हवी होती. आपला तो गळ्यात साप घालून वरातीत येतो आणि सासू मेना त्याला बघून बेशुद्ध पडते. ते हवं होतं मला.

डिमीटरबद्दलही थोडं वाईट वाटलं. मुलगी खाली गेल्यावर ती खालच्या शहराचा माल अडवते, मूळ गोष्टीतल्या दुष्काळाचाच हा आधुनिक अवतार, पण तिच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसतच नाही. विशीत वाचलं असतं तर मी सरळ पर्सेफनीच्या बाजूने असते. आता घरात तेरा वर्षांची लेक आहे आणि मी अर्धा वेळ हाच विचार करत होते की या बाईला पोरीचा एक फोन तरी येतोय का.

इंग्रजी सोपं आहे, अडायला होत नाही. पाचपैकी साडेतीन, पायांच्या प्रसंगाचा अर्धा जास्तीचा धरून.

राहिली सासूबाईंची गोष्ट. मोठ्याने वाच म्हणाल्यावर मी किंडल मिटलं आणि तोंडीच सांगितली, कात्री लावून लावून. आईने मोठ्या घरचं स्थळ ठरवलं, पोरीला पसंत नाही, पळाली, नदी ओलांडली, पाताळातल्या राजाकडे राहिली, त्याने पायाला पट्ट्या बांधल्या. सासूबाई माळ थांबवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, आणि सखी? म्हटलं, सखी नाहीये आई यात, एकटीच पळते, बहिणी आहेत पण त्या मागे वरच्या शहरातच राहतात. त्यांना ते काही पटलं नाही. रात्री एवढ्या थंडीत तरणी पोर एकटी पळाली आणि सोबत कोणी गेलं नाही? मग बारा वाजले, जाऊबाईंना हलवून उठवलं, दही चाटलं, आणि झोपायच्या आधी मी दुसरं पुस्तक डाउनलोडला लावलं, 'इलेक्ट्रिक आयडॉल', त्या मागे राहिलेल्या बहिणींपैकी सायकीचं. उतायचं नाही मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही.