सीलपॅक म्हणून विकलेली हार्डडिस्क, आणि दुकानात सोडून आलेली जुनी

मी डोंबिवलीत घरून ११ गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, बँकेचा ताळमेळ, सगळं एका जुन्या लॅपटॉपवर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मे महिन्यात त्याची ५०० जीबीची हार्डडिस्क कटकट आवाज करायला लागली. संस्थांचं ऑडिट ३१ जुलैच्या आत व्हावं लागतं, त्यामुळे वाट बघत बसणं शक्य नव्हतं. एका शनिवारी लॅपटॉप पिशवीत घातला आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेले.

त्या रस्त्यावर सचोटीने धंदा करणारी दुकानं पुष्कळ आहेत, माझा प्रिंटर तिथूनच घेतलेला. त्या दिवशी मात्र मी आतल्या बाजूच्या एका अरुंद दुकानात शिरले, कारण १ टीबीची अडीच इंची डिस्क तिथे बाकीच्यांपेक्षा ९०० रुपयांनी स्वस्त होती. चंदेरी पाकीट, त्यावर कंपनीचं स्टिकर. "मॅडम, सीलपॅक माल आहे." पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हणाला. मी कच्च्या बिलावर तयार झाले. त्याने दोन तासांत जुन्या डिस्कचं क्लोनिंग करून दिलं, म्हणजे तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं, विंडोज चालू करून दाखवलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "जुनी आता जाणारच आहे. इथेच ठेवा, ३०० रुपये कमी करतो." मी ठेवली. हे सगळं लिहायला बसले ती या एका गोष्टीमुळे.

चार दिवस सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी एका संस्थेच्या पावत्या टाकत असताना खाली कोपऱ्यात 'डिलेड राइट फेल्ड' असा संदेश आला. विंडोज बऱ्याचदा फाइल आधी मेमरीत घेतं आणि डिस्कवर नंतर उतरवतं. म्हणजे आपल्याला काम झालेलं दिसतं आणि डिस्कवर ते पोचलेलंच नसतं. मी त्या दिवशी जवळजवळ ७० पावत्या टाकल्या होत्या. लॅपटॉप बंद करून चालू केला तेव्हा त्यातल्या निम्म्याही नव्हत्या, आणि दोन संस्थांचा डेटा टॅली उघडायलाच तयार नव्हतं.

दुकानात फोन केला. "लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला असेल, घेऊन या, सहा हजारांत करून देतो." तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. डिस्क न बघता मदरबोर्डचं निदान कसं होतं?

माझा भाचा हार्डवेअरचं काम करतो. त्याने रविवारी येऊन शांतपणे एकेक गोष्ट तपासली. आधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज चुकांची नोंद ठेवतं तिथे, बघितलं. तिथे ७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती, त्याचा अर्थ डिस्कवर खराब ब्लॉक. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. केबल किंवा कनेक्टर सैल असेल तर त्यातला सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा वाढतो. तो शून्य होता, म्हणजे केबल ठीक. तरी खात्रीसाठी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि त्याच्या लॅपटॉपला जोडली. तिथेही लिहिताना त्याच चुका. मदरबोर्डचा प्रश्न तिथेच संपला.

डिस्क किती तास चालली हे त्याच प्रोग्रॅममध्ये दिसतं. आकडा होता ३१ तास, नव्या डिस्कला शोभेल असाच. पण बदली झालेल्या सेक्टरचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) आकडा १८४ होता आणि आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. डिस्क स्वतःकडे काही राखीव सेक्टर ठेवते, खराब जागेऐवजी तिथे लिहिते. राखीव संपत आले की लिहिणं अडकायला लागतं. जेमतेम ३१ तास चाललेल्या डिस्कला इतकी झीज कशी?

उत्तर सिरियल नंबरमध्ये मिळालं. वरच्या स्टिकरवर एक नंबर, प्रोग्रॅममध्ये डिस्क स्वतः सांगत होती तो दुसराच. हा दुसरा नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला, तर वॉरंटी २०१९मध्येच संपलेली. जुन्या लॅपटॉपांतून किंवा भंगारातून काढलेल्या डिस्कचे आकडे शून्यावर आणायचे, नवं स्टिकर चिकटवायचं आणि पाकिटात घालून विकायचं, असा हा धंदा आहे. नीट बघितलं तर खुणा दुकानातच दिसल्या असत्या. कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे होते, आणि स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या वर्तुळाकार खुणा. कोऱ्या डिस्कवर स्क्रू कधी लागलेलाच नसतो.

डिस्क हातात पडली की दुकानातच लॅपटॉपला लावून दोन्ही सिरियल नंबर जुळवा, जुळले नाहीत तर तिथेच परत करा. घरी आणल्यावर तिच्यात काही ठेवण्याआधी पूर्ण डिस्क एकदा लिहून आणि परत वाचून बघा. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम हेच करतो. १ टीबीला लिहायचे तीन-चार तास, वाचायचे साधारण तेवढेच. रात्री लावून झोपलात तरी चालेल. हे तास मी दिले असते तर माझा जुलै वाचला असता.

दुकानदाराने आधी हात वर केले. कच्च्या बिलावर त्याचं नाव नव्हतं, पण पैसे मी यूपीआयने दिले होते आणि त्या नोंदीत होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नोंदीचा क्रमांक त्याला पाठवला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी भरावी लागत नाही, हेही सांगितलं. आठवड्याने पैसे परत आले. जुनी डिस्क आली नाही. "स्क्रॅपवाल्याला गेली," एवढंच उत्तर.

आठ संस्थांचा बॅकअप ऑडिटरकडे सापडला. एका संस्थेचा डेटा मार्चपर्यंतचा माझ्याच पेनड्राइव्हवर होता. उरलेल्या दोघांच्या वर्षभराच्या नोंदी मी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून आणि बँक स्टेटमेंटवरून पुन्हा टाकल्या. २९ जुलैला काम संपलं. त्यातल्या एका संस्थेचे सचिव काका रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायचे आणि अंधूक झालेले आकडे मला वाचून दाखवायचे.

पण त्या जुन्या डिस्कवर चारशेहून जास्त सभासदांची नावं, फोन नंबर, पॅन, कोणाची किती थकबाकी, सगळं होतं. क्लोनिंग झालं तरी जुनीवरचं काही पुसलं जात नाही, आणि ती आता कोणाच्या हातात आहे मला माहीत नाही. ऑगस्टमध्ये मी अकराही संस्थांच्या कार्यालयांत स्वतः गेले आणि हे सचिवांना लेखी दिलं. नऊ जणांनी पत्राची पोच दिली. एका संस्थेने काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि त्यांना तो अधिकार होता. उरलेल्या एका संस्थेने विचारलं आहे की सभासदांना काय सांगायचं. तो मजकूर मी आज लिहिते आहे.