आप्पांच्या चार कॅसेट आणि दादरचं हे दुकान

जुन्या कॅसेट डिजिटल करून घ्यायच्या म्हणून मी दादर पश्चिमेच्या या दुकानात गेले. जिना चढून पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली आहे. काम शेवटी फार सुरेख झालं, पण पहिल्या खेपेला बिनसलं होतं, आणि दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

आधी कॅसेटबद्दल. आमचे आप्पा काळाचौकीला राहायचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांच्या लेखी दादा कोंडके सिनेमातले नव्हतेच. ‘आपल्या नायगावचा पोरगा’ असंच म्हणायचे. चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, बँडमध्ये वाजवणारा, सेवादलाच्या कलापथकात काम करणारा आणि अपना बाजार या सहकारी भांडारात नोकरी करणारा. १९६५ साली वसंत सबनिसांचं लोकनाट्य ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आलं, त्यातला हवालदार दादांनी केला आणि पुढे त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. आप्पांनी त्यातले सात पाहिले. सातव्याला ते मित्राचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले आणि अख्खा प्रयोग भरून आणला. त्या दोन कॅसेट. तिसरीत दादांच्या सिनेमातली गाणी, चौथीत आमच्या मंडळाच्या गणपतीतला वग, म्हणजे तमाशातलं नाट्य. १९८२च्या गिरणी संपात घरातलं बरंच काही विकलं गेलं, या कॅसेट मात्र डब्यातच राहिल्या.

‘विच्छा’ची पहिली कॅसेट अडकलेली होती, फिरेचना. दुकानातल्या भाऊंनी ती हातात घेऊन आधी कानाशी हलवली. मग माझ्यासमोरच खोलली. आत टेपला मागून दाबून धरणारी फेल्टची बारीकशी गादी असते, ती गळून पडली होती. त्यांनी दोन्ही रिळं उचलून स्क्रूच्या नव्या खोक्यात बसवली. टेपला सुरकुती पडली होती तिथे बोट न लावता कापसाने सरळ केली. हे करताना कुणाशी बोलले नाहीत, फोनही घेतला नाही.

त्यानंतर जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. डेकवर कॅसेट लावली तेव्हा आवाज गोधडीतून आल्यासारखा होता. त्यांनी छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडशेजारचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाशेजारचा स्क्रू पाव वेढा फिरवला. परत थोडा मागे. आणि एकदम झांज उघडली! मागून तुणतुणं आलं. ते म्हणाले, “ताई, ज्या मशीनवर हे भरलं त्याचं हेड किंचित तिरकं होतं. आपलंही तेवढंच तिरकं केलं की टेप बोलते.” प्रत्येक कॅसेटला ते हा स्क्रू नव्याने लावतात. यासाठीच लांबून आलं तरी चालेल.

आता बिनसलं ते. नऊ दिवसांचा वायदा होता, सोळा दिवस लागले. त्याचं एवढं नाही, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटं बसावंच लागतं. पण पेनड्राइव्ह घरी लावला आणि माझ्या पोटात गोळा आला. दुकानातल्या मुलाने ‘खरखर’ काढून टाकताना प्रेक्षकांचं हसणंही पुसून टाकलं होतं. हवालदार बोलतोय, पुढे पोकळी, परत बोलतोय. दादांचा विनोद असा ऐकला तर तो विनोदच राहत नाही.

कारण हा माणूस मुळात वाजवणारा होता. वाक्य टाकायचं, ढोलकीची एक थाप जाऊ द्यायची, हसण्याची लाट वर चढून उतरायला लागली, पण विरली नाही, नेमक्या त्या क्षणी पुढचं वाक्य उचलायचं. आप्पा मांडीवर बोटांनी ताल धरून मला हे दाखवायचे. गण, गवळण, बतावणी, वग अशी तमाशाची जी चाल आहे, तिच्यात बोलणंही लयीतच येतं. हसू काढलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हरवते. आणि टेपरेकॉर्डर आप्पांच्या मांडीवर होता, म्हणजे सगळ्यात मोठं हसू त्यांचंच असणार. तेच पुसलेलं.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. आवाज चढला होता माझा, हे खरं. भाऊंनी शांतपणे दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “चूक आमची आहे, परत उतरवतो.” एक पैसाही न घेता चारही कॅसेट पुन्हा लावल्या. या वेळी फक्त वीजेची घूं काढली, बाकी जसंच्या तसं. मूळ फाइल वेगळी दिली, साफ केलेली वेगळी. आता तिसऱ्या मिनिटाला आप्पा हसतात, मग त्यांना ठसका लागतो. आईने तो ठसका ओळखला.

गाण्यांची कॅसेटही झकास उतरली आहे. दादांना नुसतं द्व्यर्थी संवादांचा माणूस म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हनुमान जयंतीला गावोगावी वाजणारं ‘अंजनीच्या सुता’ त्यांनीच लिहिलेलं आहे, १९७६च्या ‘तुमचं आमचं जमलं’साठी. महेंद्र कपूरांचा आवाज, राम-लक्ष्मणचं संगीत. हे जोडनावही दादांनीच दिलेलं. सुरेंद्र हेंद्रे म्हणजे राम आणि विजय पाटील म्हणजे लक्ष्मण. राम लवकर गेले, पाटलांनी नाव तेच ठेवलं आणि १९८९ला त्याच नावाने ‘मैंने प्यार किया’चं संगीत केलं. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून दादांचे ओळीने नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद झाली. माणूस ढोलकीच्या तालावर बोलत होता म्हणून गिरणीतून सुटलेली पाळी थेट थेटरात जात होती, असं आप्पांचं ठाम मत होतं. माझंही तेच आहे.

दर : कॅसेटमागे ३५० रुपये, खोकं बदलायचं असेल तर वर १००. मला एकूण १,६०० पडले, कारण दोन खोकी बदलली. फोन सहसा उचलत नाहीत, संध्याकाळी पाचनंतर प्रत्यक्ष गेलेलं बरं. कॅसेटवर ए आणि बी बाजू पेनाने लिहून न्या, माझ्या वगाच्या दोन्ही बाजू उलट्या जोडल्या होत्या. ‘खरखर काढू नका’ हे पावतीवर लिहून घ्या. आणि पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क न्या, मूळ फाइली मोठ्या असतात.

पाचपैकी चार. पुढच्या महिन्यात मावशीकडच्या सहा कॅसेट घेऊन इथेच जाणार आहे.