जैसलमेरमधे पाच महिने – किल्ल्यातली रूम, गावातली हवेली, सम रोडचा रिसॉर्ट, तंबू आणि खुरी, सगळीकडे राहून आलेला अनुभव

मी साताऱ्याकडचा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर मेंटेनन्समधे बरीच वर्षं काढलेली. त्यामुळे जैसलमेरच्या साइटवर ऑक्टोबर ते मार्च जायचं ठरलं तेव्हा वारा काही नवीन नव्हता, वाळू नवीन होती. कंपनीचा राहण्याचा भत्ता ठरलेला, जागा आपली आपण शोधायची. म्हणून एका जागी न राहता बदलत राहिलो, मधे डिसेंबरमधे घरचे आले तेव्हा रिसॉर्टही झाला. दोन रात्री राहून लिहिलेले अनुभव मी जायच्या आधी ढीगभर वाचले होते आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी तिथे गेल्यावर वेगळ्याच निघाल्या, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी किल्ला, कारण सगळ्यांना तिथेच राहायचं असतं. मलाही होतं. ११५६ साली रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर बांधलेला, ९९ बुरुजांचा, आणि आपल्याकडच्या गडांसारखा ओस पडलेला नाही, आत आजही माणसं पिढ्यानपिढ्या राहताहेत, शाळेची पोरं दप्तर घेऊन अखै पोलातून (पोल म्हणजे किल्ल्याचा दरवाजा) खाली उतरतात, गायी दशहरा चौकात बसलेल्या असतात. सकाळी लवकर जैन मंदिरांकडच्या गल्लीत चालत गेलात तर दगडावर पडलेलं ऊन बघून माणूस गप्प होतो. मला तटाला लागून असलेल्या एका घरातली झरोक्याची रूम मिळाली, महिन्याच्या बोलीवर दिवसाला १,२०० रुपयांत, समोर थेट वाळवंट. पहिला आठवडा मी घरी रोज फोटो पाठवत होतो.

मग एके दिवशी आंघोळ करून आलो आणि बाथरूमच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हात टेकला तर पंजाएवढा पिवळ्या दगडाचा पापुद्रा सुटून हातात आला. बोटांनी चुरडला तर चक्क वाळू. खाली बघितलं तर कोपऱ्यात तसलीच बारीक वाळू साठलेली, रोज कुणीतरी झाडून काढत होतं आणि मी बाहेरून उडून आलेली समजत होतो. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, वर पांढरं मीठ फुटलेलं. आमचं काम फाउंडेशनशी रोजचं, टॉवरच्या पायाशी पाणी मुरलं की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरमालक सत्तरीचे, मी त्यांना भाईसा म्हणायचो, त्यांना विचारलं तेव्हा त्यांनीच नीट समजावलं. टेकडी म्हणजे सलग कातळ नाही, दगडाच्या खाली मातीचे थर आहेत आणि ती माती पाणी प्यायली की फुगते, सरकते. पूर्वी गडीसर तलावातून बायका डोक्यावर घडे घेऊन पाणी वर आणायच्या, त्यामुळे वापरच घड्याच्या हिशोबाने, आणि पावसाचं पाणी बाहेर काढायला घूट नालीची जुनी व्यवस्था होती. आता वर नळ आले, फ्लश आले, प्रत्येक गेस्टहाउसला आठ-दहा बाथरूम आले आणि ते सगळं पाणी त्याच टेकडीत मुरतं. बुरूज ढासळलेत, दुरुस्त्या चालूच असतात. २०१३ मधे किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, पण यादीत गेला म्हणून पाणी मुरायचं थांबत नाही.

मी तेविसाव्या दिवशी रूम सोडली. भाईसांचं पोट त्या तीन रूमवर आहे, त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही आणि मी तो देतही नाहीये. पण वर्षभर येणाऱ्या हजारो लोकांनी तिथे शॉवर घ्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे. किल्ल्यात जा, दिवसभर फिरा, तिथल्याच माणसाकडे चहा प्या, जेवा, वस्तू घ्या, पैसे तिथेच खर्च करा, फक्त झोपायला खाली या. भाईसांकडे मी नंतरही दर रविवारी जेवायला जात होतो, केर-सांगरी म्हणजे वाळवंटातल्या झुडपांची फळं आणि शेंगा, त्यांची भाजी आणि बाजरीची भाकरी, वर घरचं तूप.

खाली म्हणजे कुठे, तर माझ्या मते गावातली जुनी हवेली, दुसरं काही बघूच नका. मी पटवांच्या हवेलीच्या बाजूच्या गल्लीत राहिलो, तीन महिने, आणि पाच महिन्यांतलं हेच सगळ्यात चांगलं राहणं. भिंती हातभर जाड, दगडाला दगड खाचेत बसवलेला. बाहेर फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी चटका बसायला लागला तरी आत पंखा लावायची गरज नव्हती, आणि जानेवारीत बाहेर हात गारठायचे तेव्हा आत एक रजई पुरायची. शिवाय किल्ला खरा दिसतो तो इथल्या गच्चीवरून. आत राहणाऱ्याला किल्ला दिसत नाही, गल्ली दिसते. संध्याकाळी ऊन कलताना गच्चीवर बसलं की अख्खा तट आधी मधासारखा आणि मग तांब्यासारखा होत जातो, रोज बघूनही मला कंटाळा आला नाही.

हवेलीतल्या अडचणीही सांगतो. जिने उभे आणि पायऱ्या उंच, गुडघ्याचा त्रास असेल तर तळमजल्याची रूम आधीच सांगून ठेवा. जुन्या बांधकामात बाथरूम नंतर घुसवलेले असतात, काहींना खिडकीच नसते. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ असं ठरलेल्या वेळी. आणि जैसलमेरमधे बऱ्याच ठिकाणी चेकआउट सकाळी नऊ किंवा दहालाच असतो, आपल्याला बाराची सवय, त्यावरून काउंटरवर भांडणारी माणसं मी बघितलीत, तर बुकिंग करतानाच विचारून घ्या. लग्नसराईत वरात गल्लीतूनच जाते, त्या रात्री झोप विसरा. भाडं मला महिन्याच्या हिशोबाने दिवसाला १,४०० पडलं, नुसत्या दोन रात्री राहणाऱ्याला तीच रूम सीझनला अडीच हजारांच्या पुढे.

डिसेंबरमधे आई, बायको आणि मुलगी आल्या तेव्हा चार रात्री सम रोडवरच्या, म्हणजे सम गावच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या, एका मोठ्या रिसॉर्टमधे राहिलो, रात्रीला ९,००० रुपये. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत त्याच रूमचे १८,००० सांगत होते, म्हणून १९ ते २३ तारीख गाठली. आईच्या दृष्टीने फार चांगलं, सगळं एका पातळीवर, बाथरूममधे धरायला दांडी, जेवणात तिखट कमी करून द्यायचे, पोरगी दिवसभर मोकळी. सकाळी नाश्त्याच्या वेळी मांगणियार, म्हणजे तिथले पिढीजात लोककलाकार, अंगणात बसून कमायचा वाजवायचे. ते आंब्याच्या लाकडाचं वाद्य, गोल पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आवाज असा भरलेला की आईने पोहे थंड होऊ दिले आणि ऐकत बसली. त्या दादांनी तिला जवळ बोलावून वाद्य वाजवायचा गज हातात दिला. हे चार हजारांच्या रूममधे मिळालं नसतं, हे कबूल करतो.

पण गावापासून चौदा-पंधरा किलोमीटर. संध्याकाळी नुसती गडीसरला चक्कर मारायची म्हटली तरी टॅक्सीचे जाऊन-येऊन १,२०० रुपये. त्यामुळे होतं काय की माणूस रिसॉर्टमधेच अडकतो आणि जैसलमेर राहून जातं. आणि जिथे वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे एवढा मोठा स्विमिंग पूल आणि हिरवळ बघून मला बरं वाटलं नाही. कालव्याचं पाणी आलं म्हणून भागतं, पण कुणाच्या वाट्याचं भागतं हा विचार येतोच.

आता समचे तंबू. गावापासून साधारण ४० किलोमीटर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅम्पच कॅम्प. पॅकेज म्हणजे उंटाची फेरी, चहा, कार्यक्रम, जेवण, तंबू, नाश्ता, माणशी २,५०० मधे. मी साइटवरच्या पोरांबरोबर गेलो होतो. वाळूवर जीप उडवणाऱ्यांची रांग, सूर्यास्ताला हजारभर माणसं एकाच टेकाडावर, पायाखाली वेफर्सची पाकिटं. रात्री कार्यक्रम सुरू झाला, कालबेलिया नाच दहा मिनिटं झाला आणि मग डीजे. एक म्हातारे कलाकार खडताल, म्हणजे वाजवायच्या लाकडी पट्ट्या, हातात घेऊन बाजूला उभे होते, त्यांची पाळी येणार होती, ती शेवटपर्यंत आलीच नाही. मी मॅनेजरशी बोललो, तो म्हणाला पार्टीला हेच पाहिजे असतं. मला अजूनही त्या म्हाताऱ्या कलाकाराचा चेहरा आठवला की वाईट वाटतं. आणि शेजारच्या कॅम्पचा डीजे वेगळा, म्हणजे दोन गाणी एकावर एक. हे सगळं डेझर्ट नॅशनल पार्कच्या उंबऱ्यावर चाललंय, जिथे गोडावण म्हणजे आपला माळढोक शेवटचा तग धरून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला एके काळी दिसणारा हा पक्षी आता आपल्याकडे जवळपास संपलाच, निदान तिथे तरी रात्र शांत ठेवायला हवी होती.

तंबूत थंडी कडक असते, हे कुणी सांगत नाही. जानेवारीत पहाटे पारा चार-पाचवर, कापडाला आतून दव सुटतं आणि रजई दमट लागते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर तंबू नको, मातीच्या भिंतीची झोपडी मागा.

खुरीला मात्र नक्की जा. गावापासून नैऋत्येला पन्नासेक किलोमीटर, वाळूच्या टेकड्या समपेक्षा लहान, पण माणसं कमी आणि आवाज जवळपास नाही. मी एका घरी दोनदा राहिलो, गोल झोपडी, शेणमातीने सारवलेली, वर गवताचं छप्पर, जेवणासकट १,८०० रुपये. त्या घरातल्या माँसा पहाटे अंगणात चूल पेटवून बाजरीचे रोट हातावर थापायच्या, थेट माझ्या आजीसारख्या, फक्त आमची भाकरी परातीत थापतात. भाषा कळत नव्हती तरी मला बसायला पाट द्यायच्या आणि गरम रोट हाताने फोडून त्यात गूळ-तूप घालून पुढे करायच्या. बाहेर आलं तर वाळूवर रात्रभर फिरलेल्या किड्यांच्या नक्षीच्या रेघा, अजून कुणाचा पाय न पडलेल्या. टॉयलेट अंगणापलीकडे, पाणी बादलीत मोजून, मोबाइलची रेंज कधी येते कधी जाते. हे चालत असेल तरच जा.

एक महत्त्वाचं राहिलं. स्टेशनवर, बसस्टँडवर, कधी कधी जोधपूरहून येणाऱ्या ट्रेनमधेच माणसं गाठतात, त्यांना तिकडे लपके म्हणतात. तुमचं हॉटेल बंद झालंय, मालक वारला, आमच्याकडे ३०० मधे रूम आहे असं काहीही सांगतील. रूम ३०० ला देतात आणि मग उंटाची सफारी त्यांच्याकडूनच घ्या म्हणून मागे लागतात, नाही म्हटलं की वागणं बदलतं. आमच्या टीममधल्या एका पोराला दुसऱ्याच सकाळी सामान बाहेर काढायला लावलं होतं. तुमच्या हॉटेलवाल्याला आधी फोन करून रिक्षा मागवा आणि सफारीचे पैसे रूमपासून वेगळे ठरवा.

एप्रिलनंतर यापैकी कुठेही जाऊ नका, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच टॉवरवर चढताना शिडी हाताला भाजायला लागली होती.

नोव्हेंबरमधे आईला घेऊन परत जातोय. तीन रात्री हवेली, तळमजल्याची रूम सांगून ठेवलीये, दोन रात्री खुरी. माँसांसाठी आईने आत्तापासून गोधडी शिवायला घेतलीये, आणि रविवारी भाईसांकडे जेवण.