नाशिकहून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण, बस टूरने आणि एकटीने : ५ पैकी ३

टूरवाल्यांचं नाव लिहीत नाही, कारण मॅनेजर दादा माणूस चांगला होता आणि त्याची सासुरवाडी आमच्याच कॉलनीत निघाली. पण अनुभव लिहिते, कारण बुक करायच्या आधी मी खूप शोधलं आणि सापडलं ते सगळं फॅमिलीवाल्यांचं, एकट्या माणसाने पाठीवर बॅग टाकून अशी टूर घ्यावी का हे कुणी लिहिलेलंच नाही.

तर जानेवारीत, शुक्रवारी रात्री दहाला मुंबई नाक्यावरून बस. सत्तावीस सीटर, एसी चालू, पुशबॅक अर्धे चालू अर्धे बंद. हरिहरेश्वर, तिथून जेटीने (म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने) खाडीपलीकडे केळशी-आंजर्ले-हर्णै, मुक्काम मुरूडला (दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नाही, आमच्या बसमधल्या चौघांना हे तिथे पोचल्यावर कळलं), मग दाभोळ, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि परत. साडेआठ हजार. जाहिरातीत चार रात्री लिहिलंय, त्यातल्या दोन बसमध्ये काढायच्या हे कुठेच लिहिलेलं नाही. वेगळी रूम हवी तर अडीच हजार जास्त, मी म्हटलं शेअरिंग द्या, तर पंचवटीतल्या एक आजी मिळाल्या, वय बहात्तर, घोरणं दणदणीत, स्वभाव एकदम मस्त.

बाकी बसमध्ये पहिला तास सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘एकटीच आलीस? घरचे कसे सोडतात गं?’ सिडकोतल्या एका काकूंनी तर इगतपुरी यायच्या आत माझं वय, पगार आणि पोटजात विचारून घेतली. कसारा घाट उतरेपर्यंत अंताक्षरी. त्यानंतर मुंबई-गोवा हायवे लागला तसे सगळे आपोआप गप्प झाले, २०११ पासून त्या रस्त्याचं काम चालूय आणि आपलं कंबरडं दर वर्षी नव्याने ते तपासून बघतं.

आता मुद्द्याचं. सीट.

किनाऱ्याने दक्षिणेला जाताना समुद्र कायम उजवीकडे असतो, हे शेंबड्या पोराला कळेल पण बुकिंग करताना मला सुचलं नाही. उजव्या खिडक्या सगळ्या जोडप्यांना आणि फॅमिलीला, आणि ‘सिंगल’ म्हणून मला डावीकडची मागून दुसरी, चाकावरची. म्हणजे केळशीकडून आडे-पाडले करत आंजर्ल्याला जाणारा जो रस्ता आहे, जिथे समुद्र अगदी बसच्या पायरीशी येतो, तिथे मी डोंगर, आंब्याच्या बागा आणि एका घराची वाळत घातलेली गोधडी बघितली. समुद्र बघायचा तर पलीकडच्या काकांच्या टकलावरून, आणि ते काका झोपलेले. मॅनेजर दादाला म्हटलं तर म्हणाला, ‘ताई, येताना डावीकडेच समुद्र येईल ना.’ येताना बस चिपळूणवरून हायवेने आली. समुद्र पन्नास किलोमीटर लांब. तर एकट्याने बुक करत असाल तर पहिलं वाक्य हेच बोला, उजवी खिडकी, चाकाच्या पुढची, नसेल तर नको.

दुसरी गोष्ट मला तिथे जाऊन कळली आणि तीच खरी लिहायची आहे. शनिवारी सकाळी साडेसहाला हरिहरेश्वरला पोचलो. तिथे देवळामागून पायऱ्या उतरून समुद्राच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, भन्नाट म्हणतात, मी मुख्य त्याच्यासाठीच आले होते. खाली गेलो तर पाणी वरपर्यंत, तिथल्या एका माणसाने हात आडवा केला, भरती आहे, आत्ता नाही. दहानंतर या म्हणाला. आमची बस नऊला सुटली, कारण शेड्युल.

संध्याकाळी मुरूडला ज्यांच्याकडे उतरलो तिथल्या काकू वाढताना विचारत होत्या उद्या कुठे कुठे. मी म्हटलं, हेदवीला बामणघळ बघणार बाराला. काकू हातातला डाव तसाच धरून म्हणाल्या, ‘बाराला? मग खडक बघून याल.’ बामणघळ म्हणजे खडकातली एक अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी जोरात आत घुसतं आणि कारंज्यासारखं वर उडतं. भरती नसेल तर नुसती भेग. मग त्यांनी हिशेब सांगितला, कोकणात म्हणे सगळ्यांना पाठ असतो : आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं पण फिरायला जाणाऱ्याला पुरे.

आजी ताटावरूनच म्हणाल्या, आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला हरिहरेश्वरला पूर्ण भरती होती आणि आम्ही तासाभराने जाऊन वाट बंद म्हणून तोंड पाडून उभे! आणि उद्या अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणजे दुपारी बाराला चक्क ठणठणीत ओहोटी. जिथे ओहोटी पाहिजे तिथे भरतीला नेलं, जिथे भरती पाहिजे तिथे ओहोटीला. वर काकू म्हणाल्या, तसंही अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोर नसतो, उधाण बघायचं तर पौर्णिमा-अवसेला या. मी नाशिकची, आमच्याकडे तिथी लागते ती एकादशीला नाहीतर रामकुंडावर कुणाचं काही असेल तर, तिच्यावरून समुद्राचं टाइमटेबल निघतं हे मला तिशी उलटल्यावर कळतंय.

रात्रीच मॅनेजर दादाला गाठलं, म्हटलं हेदवी वगळा आणि गणपतीपुळ्याला लवकर जाऊ, नाहीतर गुहागरलाच जास्त वेळ द्या, तिथला किनारा केवढा लांब आहे, सुरूची झाडं आहेत. तो म्हणाला, ‘ताई, दोनला जयगडला जेवण सांगून ठेवलंय, आणि हेदवी कार्डावर छापलंय, नाही दाखवली तर लोक पैसे कापतात.’ त्याचंही बरोबर असेल. दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात सत्तावीस माणसं एका कोरड्या भेगेकडे बघत उभी होती आणि सिडकोच्या काकूंनी तिचा पण व्हिडिओ काढला.

बरं, मजा कुठे आली ते पण सांगते, नाहीतर तीन स्टार का दिले म्हणाल. जेट्या. एका टूरमध्ये तीन जेट्या झाल्या, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, आणि तिन्ही वेळा आख्खी बस बोटीवर चढते, क्लीनर खाली उतरून ‘येऊ द्या येऊ द्या’ करतो, बाजूला टेम्पो, बाइकवाले, कोळणीच्या टोपल्या, एक नवरा-नवरी सुद्धा होते दाभोळला. बोटीवर सीट नंबर नसतो हो! मी पुढे रेलिंगला जाऊन उभी, वारा, दोन्ही बाजूला खाडी. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब नुसते उभे आहेत, दाभोळला पलीकडे वीजप्रकल्प दिसतो त्याला लोक अजून एन्रॉनच म्हणतात. रेवस ते रेडी सागरी महामार्ग होणार होणार हे अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे, तो झाला की या खाड्यांवर पूल होतील आणि बस झर्रकन निघून जाईल. तिथल्या लोकांना दवाखाना-कॉलेजला पूल हवाच, मी कोण बोलणार, पण मला अजून दोनतीनदा जेटीने जायचंय त्याआधी.

हर्णैचा मासळीचा लिलाव पण भारी. संध्याकाळी होड्या लागतात, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर माशांचे ढीग, आणि बोली एवढ्या भरभर की तीन वेळा ऐकूनही आकडा कळला नाही. आम्हाला वीस मिनिटं. अर्धी बस नाकाला रुमाल लावून खालीच उतरली नाही.

जेवण. टूरचा महाराज नाशिकहून सोबत, आणि त्याने हर्णैपासून हाकेवर आम्हाला पनीर बटर मसाला घातला. हे मी माफ करणार नाही. फक्त मुरूडच्या काकूंकडे घरचं होतं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि आमच्यातले काही त्यावरही ‘आपल्या काळ्या मसाल्यासारखं नाही’ करत होते.

गणपतीपुळ्याला मुक्काम देवळाजवळ होता हे छान. डोंगर हाच देव म्हणून डोंगराला प्रदक्षिणा घालतात, ती आजींसोबत घातली, त्या माझ्यापेक्षा भरभर चालतात. पण मालगुंड कार्डावर नाही! केशवसुतांचं जन्मगाव, पायी अर्ध्या तासावर, आणि कुसुमाग्रजांच्या गावातून आलेली बस तिथे थांबत नाही म्हणजे कमाल आहे. सकाळी सहाला उठून एकटी चालत गेले, बाहेरून घर बघितलं, चहा घेतला, साडेआठला नाश्त्याला परत. या टूरमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट टूरमध्ये नव्हतीच. एकटं असण्याचा फायदा एवढाच, पण मोठा, कुणाची आंघोळ व्हायची वाट बघावी लागत नाही.

मग आरे-वारेचा रस्ता (आजींनी ओळख काढून मला उजवी खिडकी मिळवून दिली, अर्ध्या तासासाठी, आणि त्या अर्ध्या तासाचे मी वेगळे पैसे दिले असते), रत्नागिरीत थिबा पॅलेस पंधरा मिनिटात उरकला. ब्रह्मदेशाचा राजा तिथे १९१६ साली वारला, आम्ही तिथे सेल्फी काढून सुटलो.

एकट्या मुलीला सुरक्षित वाटलं का, तर हो, शंभर टक्के, बारा काकू असताना काय होणार. पहिल्यांदाच एकटीने निघत असाल तर घ्या टूर, पण आधी दिनदर्शिका उघडा, हरिहरेश्वर आणि हेदवी किती वाजता आहे ते विचारा, पाऊणपट करा, मग तारीख ठरवा. पुढच्या वेळी मी स्वतः एसटीने जाणार, मार्च २०२३ पासून आपल्याला बायकांना अर्धं तिकीट आहे, दापोलीहून दाभोळ एसटी आणि जेटीला पायी माणसाचं तिकीट किरकोळ. आजी पण येणार म्हणतात, पौर्णिमा बघून ठेवलीय त्यांनी.

परत नाशिकला पहाटे पावणेपाचला द्वारकेवर उतरवलं, ठरलेलं होतं मुंबई नाका. आणि हो, सॅक डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. माझी दोनदा धुतली, अजून डिझेलचा वास येतोय.